पीएचडीनंतर मेडिकल रायटिंग: सुरुवात कुठून आणि कशी करायची

मेडिकल रायटरच्या जागेसाठी येणाऱ्या अर्जांत एक वाक्य हमखास असतं: ‘मला लिहिण्याची मनापासून आवड आहे.’ आवड असलेली चांगलीच, पण अर्ज वाचणारा तिच्यासाठी थांबत नाही. त्याला भलतंच काही तपासायचं असतं. तक्त्यात २३ आहे आणि मसुद्यात ३२ पडलंय, हे या उमेदवाराच्या डोळ्यांना खुपेल का? सात जणांनी सात तोंडांनी दिलेल्या सूचना तो न वैतागता मार्गी लावेल का? ज्या दस्तऐवजावर लेखक म्हणून आपलं नाव येणार नाही, तोही तितक्याच निगुतीनं करेल का?

पीएचडी किंवा पोस्टडॉक केलेल्या माणसाकडे यातलं बरंच आधीपासून असतं. पेपर चाळून नेमकं कामाचं उचलणं, रिव्ह्यूअरच्या खोचक शेऱ्याला मुद्देसूद उत्तर देणं, गाइडनं चौथ्यांदा बदललेला परिच्छेद पाचव्यांदा मुकाट्यानं लिहिणं, हे सगळं इथे रोज लागतं. अडतं ते दुसरीकडे. संशोधक आपलं म्हणणं पटवून द्यायला लिहितो. इथे निर्णय दुसऱ्याच कुणाला तरी घ्यायचा असतो: औषधाला परवानगी द्यायची का, डोस कमी करायचा का, समोरच्या रुग्णाला हे औषध लिहून द्यायचं का. त्या माणसाला आकड्यांपर्यंत सरळ पोहोचवायचं आणि आपण मधून बाजूला व्हायचं, हे रायटरचं काम. पुढच्या पायऱ्यांमध्ये जे काही सांगतोय ते बहुतेक या एका बदलासाठीच आहे.

पहिली पायरी: शाखा ठरवा

‘मेडिकल रायटिंग’ या एकाच पाटीखाली बरीच वेगवेगळी कामं चालतात. त्यातली दोन मोठी.

एक रेग्युलेटरी रायटिंग. औषधाला परवानगी देणाऱ्या नियामक संस्थांसाठी लिहायचे दस्तऐवज यात येतात. चाचणी सुरू होण्याआधीचा प्रोटोकॉल, चाचणी करणाऱ्या डॉक्टरांसाठीचं इन्व्हेस्टिगेटर्स ब्रोशर, चाचणी संपल्यावरचा क्लिनिकल स्टडी रिपोर्ट म्हणजे सीएसआर, आणि शेवटी परवानगीच्या अर्जातले सारांश. हा अर्ज सीटीडी नावाच्या पाच मॉड्यूलच्या ठरलेल्या साच्यात जातो. त्यातलं २.५ हे क्लिनिकल ओव्हरव्ह्यू साधारण ३० पानांत बसवावं आणि २.७ हा क्लिनिकल समरी ५० ते ४०० पानांचा असू शकतो, असं आयसीएच या, देशोदेशींचे औषधनियम एकसारखे करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शिकेतच म्हटलंय. यावरून कामाचा आवाका लक्षात यावा.

दुसरी शाखा पब्लिकेशन्स किंवा मेडकॉम्स, म्हणजे मेडिकल कम्युनिकेशन्स. जर्नलमधले पेपर, परिषदांचे अॅब्स्ट्रॅक्ट आणि पोस्टर, डॉक्टरांसाठी स्लाइड, सल्लागार बैठकांचे अहवाल. हे काम बहुतेक एजन्सींमध्ये चालतं. एका आठवड्यात हृदयविकार, पुढच्यात सोरायसिस, आणि परिषदेची तारीख काही केल्या पुढे सरकत नाही.

याशिवाय औषध बाजारात असताना दर ठरावीक काळानं द्यायचे सुरक्षितता अहवाल असतात. वैद्यकीय उपकरणांचे क्लिनिकल इव्हॅल्युएशन रिपोर्ट असतात. युरोपचा उपकरणांबाबतचा नवा नियम, २०१७/७४५, मे २०२१ पासून लागू झाल्यावर या कामाला वेगळंच महत्त्व आलं. रुग्णांसाठीची माहितीपत्रकं, अनुदानाचे अर्ज, आरोग्य पत्रकारिता हीही दारं आहेत, पण सुरुवात करणाऱ्यानं आधी पहिल्या दोघांकडे बघावं.

निवड कशी करायची? एकाच दस्तऐवजात महिनोन्‌महिने बुडून राहणं, नियम पाळणं, तीनशे पानांत एकही संज्ञा दोन तऱ्हांनी न लिहिणं ज्याला सुखाचं वाटतं, त्यानं रेग्युलेटरीकडे जावं. ज्याला विषय बदलत राहायला हवेत आणि आकृती, मांडणी यांत रस आहे, त्यानं मेडकॉम्सकडे. एक व्यवहाराची गोष्टही सांगतो. तुमचं संशोधन पेशी, उंदीर किंवा रेणूंवरचं असेल आणि क्लिनिकल ट्रायलशी कधी संबंध आला नसेल, तर मेडकॉम्समध्ये शिरणं बहुधा सोपं जातं, कारण तिथे ताज्या पीएचडींना घेऊन शिकवायची पद्धत आहे. रेग्युलेटरीत थेट सीएसआर हाती येत नाही. तिथली वाट बहुतेकदा रुग्णांची नॅरेटिव्ह (एकेका रुग्णाला चाचणीत काय गंभीर झालं याची छोटी हकिकत) लिहिण्यातून किंवा दुसऱ्यांच्या मसुद्यातले आकडे तपासण्याच्या, म्हणजे क्यूसीच्या कामातून जाते. क्यूसीला कमी लेखू नका. चांगला सीएसआर आणि वाईट सीएसआर यांतला फरक तिथे बसून जेवढा कळतो तेवढा कुठल्याच कोर्समध्ये कळत नाही.

दुसरी पायरी: खरे दस्तऐवज वाचा

बहुतेक जण इथे कोर्स शोधायला लागतात. त्याआधी एक सीएसआर डोळ्यांखालून घाला. तो गोपनीय असतो असा समज आहे. पूर्वी तसंच होतं. पण युरोपच्या ईएमए या संस्थेनं २०१४ मध्ये ‘पॉलिसी ००७०’ स्वीकारली आणि त्यानंतर मंजूर औषधांचे क्लिनिकल अहवाल तिच्या क्लिनिकल डेटाच्या संकेतस्थळावर ठेवले जाऊ लागले. मोफत नोंदणी करून ते वाचता येतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेची परीक्षणंही खुली असतात. ती जरूर वाचा, कारण आपल्या लिखाणाचा खरा वाचक कुठे अडतो, कशावर शंका घेतो, ते त्यातून दिसतं. क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या नोंदवहीत निकालांबरोबर अनेक चाचण्यांचे मूळ प्रोटोकॉल आणि सांख्यिकी आराखडेही मिळतात.

सीएसआरची रचना आयसीएचच्या ई३ या १९९५ च्या मार्गदर्शिकेवरून येते. पाठ करू नका, पण हाडं ओळखा: ९ व्या विभागात चाचणीची योजना, १० मध्ये रुग्णांचा हिशेब, ११ मध्ये परिणामकारकता, १२ मध्ये सुरक्षितता, १४ मध्ये तक्ते आणि आकृत्या, १६ मध्ये परिशिष्टं. आपल्याला ज्याच्यावर जीव लावायची सवय असते ती चर्चा १३ व्या विभागात येते आणि पुष्कळदा दोन-तीन पानांत आटोपते. पेपरमध्ये आपण तिथेच सगळी ताकद लावतो, हे आठवून बघा.

वाचायची रीत अशी: १२ व्या विभागातलं कुठलंही एक वाक्य उचला आणि त्यातला प्रत्येक आकडा १४.३ मधल्या तक्त्यात शोधा. सापडला तर पुढचं वाक्य. असं एक दुपारभर केलंत की या लेखनात अलंकार का नसतात ते आपोआप कळतं. ई३ हा साचा नसून मार्गदर्शन आहे, असं आयसीएचनं पुढे २०१२ च्या प्रश्नोत्तरांत स्पष्ट केलं. तरी कित्येक कंपन्या तो साच्यासारखाच वापरतात. नव्या रायटरनं तिथे वाद घालू नये. साचा भरायचा आणि कुठे तो गैरसोयीचा ठरतोय ते टिपून ठेवायचं. ई३ वर भाष्य करणारा २०१६ चा ‘कोअर रेफरन्स’ मोफत आहे, तो शेजारी उघडा ठेवा.

पब्लिकेशन्सकडे जाणाऱ्यांनी आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या समितीच्या शिफारशी आणि जीपीपी २०२२ ही कंपन्यांच्या पैशानं होणाऱ्या प्रकाशनांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं वाचावीत. रिपोर्टिंगच्या चेकलिस्ट इक्वेटर नेटवर्कवर एकत्र मिळतात. यादृच्छिक चाचण्यांसाठी कॉन्सॉर्ट (तिची नवी आवृत्ती २०२५ ची), सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसाठी प्रिझ्मा २०२०, निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी स्ट्रोब. गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं (चाचणी नीट आणि नैतिकतेनं चालवण्याच्या निकषांचं) मूळ, म्हणजे आयसीएच ई६, जानेवारी २०२५ मध्ये तिसऱ्यांदा सुधारलं गेलंय. मुलाखतीत जुन्या आवृत्तीचं नाव घेऊ नका.

तिसरी पायरी: तक्त्यातून वाक्य काढायला शिका

या धंद्याचा गाभा इथे आहे, म्हणून थोडं थांबू. खरं काम इंग्रजीत होतं, पण चुका कुठल्याही भाषेत त्याच असतात. समजा, तक्त्यात असं आहे: औषध गटात १४८ रुग्ण, प्लासिबो (औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं) गटात १५१. मळमळ औषध गटात २३ जणांना, प्लासिबो गटात ११ जणांना. डोकेदुखी १४ आणि १५ जणांना. मळमळीमुळे उपचार सोडलेले औषध गटात २, प्लासिबोत कुणी नाही.

प्रयोगशाळेतून नुकता आलेला माणूस लिहितो: ‘विशेष म्हणजे, नव्या औषधामुळे मळमळीचं प्रमाण दुपटीहून अधिक वाढलं, मात्र एकंदरीत औषध रुग्णांना चांगलं मानवलं.’

वाक्य वाचायला छान आहे आणि चार ठिकाणी फसलंय. ‘विशेष म्हणजे’ हे कुणाला विशेष? वाचणाऱ्यानं ठरवावं. ‘औषधामुळे’ म्हटलं की कारण सिद्ध झाल्याचा दावा होतो. तक्ता फक्त सांगतो की औषध घेत असताना अशी घटना नोंदली गेली. तिचा औषधाशी संबंध आहे का, हे चाचणी करणाऱ्या डॉक्टरांचं मत वेगळ्या रकान्यात असतं आणि ते त्यांचं मत म्हणूनच लिहायचं. ‘दुपटीहून अधिक’ खोटं नाही, पण मूळ आकडे लपवतं. आणि ‘चांगलं मानवलं’ हा तर निवाडाच, त्याला आधार कुठल्या तक्त्याचा?

तेच असं लिहा: ‘मळमळ औषध गटातील १४८ पैकी २३ रुग्णांत (१५.५ टक्के) आणि प्लासिबो गटातील १५१ पैकी ११ रुग्णांत (७.३ टक्के) नोंदली गेली. मळमळीमुळे औषध गटातील २ रुग्णांनी उपचार थांबवला. प्लासिबो गटात असा एकही रुग्ण नव्हता. डोकेदुखीचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच होतं (९.५ आणि ९.९ टक्के).’

रुक्ष वाटलं? वाटणारच. पण यातला शब्द न्‌ शब्द बोट ठेवून दाखवता येतो.

आता या वाक्यालाही विचारायचे प्रश्न आहेत. १४८ हे नेमके कोण? चिठ्ठी टाकून त्या गटात नेमलेले सगळे, की ज्यांनी औषधाचा निदान एक डोस घेतला ते? सुरक्षिततेचे आकडे बहुधा दुसऱ्या मोजणीवर असतात आणि परिणामकारकतेचे पहिल्या. म्हणून एकाच अहवालात दोन वेगळे छेद येतात आणि नवा माणूस ते आलटून पालटून लावतो. २३ हे रुग्ण आहेत की घटना? एकाच रुग्णाला तीनदा मळमळ झाली तर रुग्ण एक, घटना तीन. टक्केवारी तक्त्यात आहे तीच घ्या, स्वतः काढून वेगळ्या दशांशावर आणू नका. घोळ दिसला तर सांख्यिकीतज्ज्ञाला विचारा.

‘चांगलं मानवलं’ या शब्दांवर मी एवढा का अडलो, त्यालाही इतिहास आहे. पॅरोक्सेटीन या नैराश्यावरच्या औषधाची किशोरवयीन मुलांवरची एक चाचणी ‘स्टडी ३२९’ म्हणून ओळखली जाते. २००१ मध्ये आलेल्या तिच्या पेपरचा निष्कर्ष होता की औषध सर्वसाधारणपणे चांगलं मानवतं आणि परिणामकारक आहे. पेपरचा पहिला मसुदा कंपनीच्या पैशानं नेमलेल्या मेडिकल रायटरकडून आला होता, हे पुढे न्यायालयीन कागदपत्रांतून बाहेर आलं. २०१५ मध्ये बीएमजे या वैद्यकीय जर्नलनं त्याच चाचणीच्या मूळ आकड्यांचं नवं विश्लेषण छापलं. त्यात औषध परिणामकारक ठरलं नाही, आणि आत्महत्येच्या विचारांसह इतर अपाय वाढलेले दिसले.

म्हणूनच पब्लिकेशन्समध्ये आज कोण लेखक आणि कोण नाही याचे नियम इतके काटेकोर आहेत. आयसीएमजेईच्या चार अटी आहेत: आराखड्यात किंवा माहिती गोळा करण्यात-तपासण्यात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात मोलाची सुधारणा, अंतिम प्रतीला मान्यता, आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. चारही पूर्ण हव्यात. रायटर बहुधा दुसरीच पूर्ण करतो. म्हणून त्याचं नाव आभारांत, पैसे कुणी दिले त्याच्या उल्लेखासकट. कुणी म्हणालं, ‘आभारात नाव नको टाकूया, उगाच प्रश्न येतात,’ तर ते काम सोडा. पहिल्या नोकरीतही सोडा.

चौथी पायरी: नमुने तयार करा

अनुभव नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून अनुभव नाही. हे कोडं नमुन्यांनी सुटतं. दोन चांगले नमुने पुरतात.

पहिल्यासाठी खुल्या परवान्याचा एखादा क्लिनिकल ट्रायलचा पेपर घ्या. तुमच्या विषयाबाहेरचा असला तर उत्तम. त्याचा अॅब्स्ट्रॅक्ट झाकून ठेवा आणि २५० शब्दांत स्वतः लिहा. मग शेजारी ठेवून बघा. मूळ अॅब्स्ट्रॅक्टमध्येच एखादा आकडा मजकुराशी जुळत नसल्याचं सापडू शकतं. तसं झालं तर तेही तळटीप म्हणून नमुन्यात ठेवा.

दुसऱ्यासाठी चाचणीच्या नोंदवहीतले निकाल घ्या आणि सामान्य वाचकासाठी दोन पानी सारांश लिहा. हा नुसता सराव नव्हे: युरोपच्या ५३६/२०१४ या नियमानुसार चाचणी संपल्यावर साधारण वर्षभरात असा सोप्या भाषेतला सारांश द्यावा लागतो, म्हणजे हे काम खरोखर विकलं जातं. आणि ते वाटतं त्याहून अवघड आहे. ‘प्लासिबो’ सोपं करून सांगताना अर्थ बिघडवायचा नाही, ‘औषध चांगलं ठरलं’ अशी जाहिरातही करायची नाही.

दोन्ही नमुन्यांत प्रत्येक आकड्याला समासात त्याचा उगम लिहा: कुठला तक्ता, कुठली ओळ. दहा जणांच्या नमुन्यांत असा एक आला तर तो बाजूला काढून ठेवला जातो. आपल्या प्रयोगशाळेतली अप्रकाशित माहिती मात्र नमुन्यात चुकूनही घालू नका. ती छान दिसेल, पण गोपनीयतेबद्दल तुमची समज काय आहे तेही त्यातून दिसेल.

प्रमाणपत्रांचं काय?

थोडक्यात: सुरुवातीला फार नाही. गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचा एक छोटा कोर्स करून ठेवा, तो सगळीकडे चालतो. अमेरिकेतली एएमडब्ल्यूए (ही १९४० पासूनची) आणि युरोपातली ईएमडब्ल्यूए या रायटर्सच्या संघटना कार्यशाळा घेतात. सभासदत्व परवडत असेल तर माणसं भेटतात, आणि तोच मोठा फायदा. पब्लिकेशन्समधली सीएमपीपी ही परीक्षा कामाचा अनुभव आल्यानंतरची आहे. महागड्या डिप्लोमात पैसे घालण्याआधी तिथे शिकवणारा स्वतः सध्या काय लिहितो, एवढं विचारा.

पाचवी पायरी: सीव्ही उलटा करा

संशोधनाचा सीव्ही आठ पानांचा असला तरी चालतो. इथे दोन पानं. पेपरांची अख्खी यादी नको. संख्या आणि दोन-तीन निवडक पुरे. विषयाचं नाव मागे जातं आणि तुम्ही नेमकं काय केलंत ते पुढे येतं.

‘अमुक प्रथिनाच्या तमुक संदेशवहनातील भूमिकेचा अभ्यास’ ही ओळ वाचून भरती करणाऱ्याला काहीच हाती लागत नाही. तीच अशी होते: ‘तीन पेपरचे पहिले मसुदे लिहिले; दोन संस्थांतल्या सहा सहलेखकांच्या सूचना एकत्र करून अंतिम प्रत ठरलेल्या तारखेला पाठवली; रिव्ह्यूअरच्या प्रश्नांची उत्तरं स्वतः तयार केली.’ हे तुम्ही केलेलंच असतं, फक्त ‘ते तर सगळेच करतात’ म्हणून लिहायचं राहतं. ज्युनियरांचे प्रबंध तपासले असतील, एथिक्स कमिटीचा अर्ज भरला असेल, जर्नलसाठी रिव्ह्यू केले असतील, तर ते वर आणा. एथिक्स कमिटीचा अर्ज तर विशेष. त्यातली संमतीपत्रं आणि प्रोटोकॉल हे या क्षेत्राचे सख्खे नातेवाईक आहेत.

जागा शोधताना नुसतं ‘मेडिकल रायटर’ टाइप करून थांबू नका. असोसिएट मेडिकल रायटर, सायंटिफिक रायटर, नॅरेटिव्ह रायटर, क्यूसी स्पेशालिस्ट, एडिटोरियल असिस्टंट अशी वेगवेगळी नावं असतात. औषध कंपन्यांपेक्षा सीआरओ, म्हणजे कंपन्यांसाठी चाचण्या चालवणाऱ्या संस्था, आणि मेडकॉम्स एजन्सी नवख्यांना जास्त घेतात.

सहावी पायरी: लेखन चाचणी

ही जवळपास सगळीकडे असते. कधी दोन-तीन तासांची समोर बसून, कधी घरी नेऊन चार दिवसांत. पेपर किंवा तक्ते देतात आणि अॅब्स्ट्रॅक्ट, काही स्लाइड किंवा निकालाचा एक विभाग लिहायला सांगतात.

नापास होणारे बहुतेक जण विज्ञानात नापास होत नाहीत. सूचनेत ३०० शब्द म्हटलं असताना ३६० लिहितात. पहिल्यांदा आलेला संक्षेप उलगडून सांगत नाहीत. ‘रुग्ण’ म्हणता म्हणता मध्येच ‘सहभागी’ करतात, कारण शाळेपासून मनावर बिंबलंय की तोच शब्द पुन्हा वापरायचा नाही. इथे तोच शब्द पुन्हा वापरायचा असतो. शब्द बदलला की वाचणाऱ्याला वाटतं गटच बदलला.

कधी कधी मूळ कागदातच मुद्दाम खोडी घातलेली असते: तक्त्याची बेरीज जुळत नाही, मजकुरात पी-व्हॅल्यू वेगळी. अशा वेळी स्वतःच्या मनानं दुरुस्त करून पुढे जाऊ नका आणि चूक तशीच उतरवूनही घेऊ नका. शेजारी शेरा टाका: ‘तक्ता २ मध्ये एकूण १५१, मजकुरात १५३. तक्त्यातला आकडा वापरला आहे, कृपया खात्री करावी.’ हा एक शेरा अख्ख्या परिच्छेदापेक्षा जास्त गुण मिळवून देतो. शेवटची वीस मिनिटं राखून ठेवा आणि त्यात भाषेकडे अजिबात न बघता फक्त आकडे तपासा, जमलं तर शेवटाकडून सुरुवातीकडे.

एक सावधगिरी. चाचणीच्या नावाखाली अख्खा रिव्ह्यू पेपर किंवा तीस स्लाइड फुकट मागितल्या, तर ते त्यांच्या ग्राहकाचं काम असण्याची शक्यता आहे. ‘यातला एक भाग करून दाखवतो’ म्हणावं.

मुलाखतीत ‘संशोधन का सोडताय?’ हा प्रश्न येतोच. गाइडच्या तक्रारी आणि अनुदानाची रडगाणी खरी असली तरी तिथे नकोत. तुम्ही कुठला सीएसआर वाचलात आणि त्यात काय खटकलं, हे सांगा. समोरचा माणूस खुर्चीत सरसावून बसतो.

सातवी पायरी: पहिले काही महिने

नोकरी लागल्यावर पहिला धक्का वेगाचा. डेटाबेस लॉक झाला (म्हणजे चाचणीच्या माहितीत पुढे बदल बंद झाले), तक्ते आले, की मसुद्याची तारीख डोक्यावर असते. म्हणून अनुभवी रायटर आकडे येण्याआधीच प्रोटोकॉल आणि सांख्यिकी आराखड्यावरून अहवालाचा सांगाडा लिहून ठेवतात. ९ वा विभाग जवळजवळ पूर्ण होतो. तुम्हीही ‘मला तो आधी लिहायला द्या’ असं मागून घ्या.

दुसरा धक्का शेऱ्यांचा. एका मसुद्यावर डॉक्टर, सांख्यिकीतज्ज्ञ, सुरक्षितता विभाग, नियामक विभाग सगळे लिहितात. काही शेरे चूक दाखवतात, काही आवडीनिवडीचे असतात, काही एकमेकांच्या विरुद्ध. पहिल्या प्रकारचे लगेच दुरुस्त करा. आवडीनिवडीचे स्टाइल गाइडच्या विरोधात जात नसतील तर मान्य करून टाका. तिथे शक्ती घालवण्यात हशील नाही. परस्परविरोधी शेरे मात्र आपल्या अंगावर घेऊन मधला मार्ग काढू नका. यादी करा आणि बैठकीत दोघांना समोरासमोर बसवून त्यांच्याकडूनच निर्णय घ्या. गाइडच्या हाताखाली वाढलेल्यांना हे जड जातं, वरिष्ठ म्हणाले ते करून टाकायची सवय असते. पण ‘हे वाक्य कुठल्या तक्त्यावरून आलं?’ असं एखाद्या विभागप्रमुखाला नम्रपणे विचारणं हे रायटरचं कामच आहे.

वर्डमध्ये हात साफ करून घ्या: स्टाइल, क्रॉस-रेफरन्स, ट्रॅक चेंजेस, आपोआप बनणारी अनुक्रमणिका. फाइलला ‘अंतिम_खरंच_अंतिम’ असली नावं देण्याची खोड असेल तर ती पहिल्याच आठवड्यात सोडावी लागते. आवृत्तीचे क्रमांक ठरलेले असतात.

आणि एआय. पहिले मसुदे, विशेषतः नॅरेटिव्हसारखे ठरावीक साच्याचे, यंत्राकडून करून घेण्याचे प्रयोग बऱ्याच ठिकाणी चालू आहेत. कंपनीनं दिलेलं साधन कंपनीच्या नियमानं वापरा. चाचणीची माहिती बाहेरच्या चॅटबॉटमध्ये डकवणं हा गोपनीयतेचा सरळ भंग आहे, मग घाई कितीही असो. पेपरांपुरतं बोलायचं तर आयसीएमजेईनं २०२३ मध्येच सांगितलंय की एआयला लेखक म्हणता येत नाही आणि त्याचा वापर उघड करावा लागतो. यंत्र सफाईदार वाक्य देतं आणि त्यात ‘चांगलं मानवलं’ अगदी सहज घालून ठेवतं. ते पकडण्यासाठी तिसऱ्या पायरीचा सराव लागतो.

फ्रीलान्सचा मोह बऱ्याच जणांना सुरुवातीलाच होतो. निदान दोनेक वर्षं कुठल्या तरी टीममध्ये काढल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे, कारण एकट्यानं बसलं की मसुदा तपासून ‘हे असं का?’ विचारणारं कुणी नसतं. तरीही काम घेतलंतच, तर दर ठरवण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: सुधारणांच्या किती फेऱ्या त्या रकमेत धरल्या आहेत, सगळ्यांचे शेरे एकत्र करून कोण पाठवणार, आणि तक्ते उशिरा आले तर तुमची तारीख किती पुढे सरकणार.